नजर कुणाची, दार कोणते?

(सुपा, ता. पारनेर येथे समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. पत्ते आणि क्रमांक येथे देवनागरी अंकांत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)



आजचा विषय आहे, एकाहून अधिक नेटवर्क जोडण्या असलेल्या संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर कसे बसवायचे. कायदा, आरोग्य, रेशन, पोटगी या आपल्या नेहमीच्या विषयांत हा कुठून घुसला, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, संगणकात नाही. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण ‘देखरेख’ हा शब्द आपल्याइतका कुणाला ठाऊक नाही. बाई कुठे गेली, कुणाशी बोलली, किती वेळ बाहेर होती, याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आपल्या घराघरांत संगणक येण्याआधीच बसवलेले होते. सासू, दीर, शेजारी, चावडीवरची माणसे, सगळी ते चालवत होती. आता तीच नोंद एका डब्यात आपोआप होऊ लागली आहे आणि तो डबा आपल्याच केंद्रात, आपल्याच टेबलाखाली आहे. तो कुणाच्या ताब्यात राहणार, एवढाच आज प्रश्न आहे.

सुप्यासारख्या गावात हा प्रश्न लवकर येतो. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव. एमआयडीसी झाली, कारखाने आले, पाळीवर जाणाऱ्या मुली आणि बाया आल्या. केंद्रात येणाऱ्या तक्रारी आता घरातल्या मारहाणीपुरत्या राहिल्या नाहीत. कामाच्या ठिकाणचा त्रास, फोनवरून धमक्या, फोटो पसरवण्याची भीती, हेही आले. या बायांची नावे, पत्ते, जबाब, जखमांचे फोटो, सगळे आता कागदाच्या फायलीबरोबर संगणकातही असते. फाइल कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावता येत होती. संगणकाची किल्ली कमरेला कशी लावायची, ते शिकल्याशिवाय आपले काम पुरे होत नाही.

थोडे मागे जाऊ. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. महाराष्ट्राच्या खेड्यांत संगणकाचे जाळे नेण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९९८ साली वारणानगर परिसरात झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे, त्यांत संगणकाची केंद्रे, सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळे काही त्यावर होणार असे तेव्हा सांगितले गेले. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले तेव्हा दिसले, की बहुतेक ठिकाणी त्या यंत्रांवर उसाच्या नोंदी, टनेज, खत, पैसे एवढाच व्यवहार चालतो. मग काही गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले आणि ते कमी खर्चात झाले.

ही गोष्ट मी वारणेला नावे ठेवायला सांगत नाही. त्यातून मी एक धडा घेते. तारेतून काय जावे असे आपल्याला वाटते आणि तारेतून खरोखर काय जाते, यांत फरक असतो. तो फरक मोजल्याशिवाय कळत नाही. नेटवर्कवरची देखरेख म्हणजे मुळात हे मोजणे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले, त्यानंतर आपल्यातल्या कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केली. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट नावाने ओळखली जाणारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत फायबर घेऊन निघाली. तार आली, प्रमाणपत्रही आले. तारेतून काय जाते हे पाहण्याचे काम मात्र अजून ‘नगरहून येणाऱ्या मुलाकडे’ आहे. तो चांगला मुलगा असेल. पण तो निघून गेल्यावर आपल्या हातात काय उरते?

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येऊ. उदाहरणासाठी मी केंद्रातला जुना संगणक घेते. त्यावर लिनक्स आहे. लिनक्स विनामूल्य मिळते, म्हणून वर्गणीवर चालणाऱ्या केंद्रांना ते परवडते. या संगणकाला नेटवर्कच्या चार जोडण्या आहेत. एखाद्या वाड्याला जशी दारे असतात, तशी ही दारे समजा. फायबरची तार येते ते पुढचे दार. रस्त्याच्या कामात तार तुटली तर उपयोगी पडावे म्हणून लावलेला मोबाइल डोंगल, ते परसदार. समुपदेशन खोलीतला संगणक, हिशेबाचा संगणक आणि प्रिंटर ज्या तारेने जोडले आहेत, ते माजघराचे दार. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुली आणि भेटायला येणाऱ्या बाया ज्या वाय-फायवर फोन जोडतात, ती ओसरी. याशिवाय प्रत्येक संगणकात एक पाचवी जोडणी असते, ती बाहेर कुठेच जात नाही. तिला लूपबॅक म्हणतात, तिचा पत्ता १२७.०.०.१. संगणक तिथून फक्त स्वतःशी बोलतो.

देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, चालू झाले का? दार एकच असेल तर तेवढे पुरते. दारे चार असली की आणखी प्रश्न येतात. पहारेकरी कोणत्या दारावर उभा आहे? कोणत्या दारावर उभा नाही? आणि पाहिलेले तो कोणत्या दाराने बाहेर सांगतो? हे तीन प्रश्न तुम्ही वहीत लिहून घ्या. पुढचे सगळे त्यांचीच उत्तरे आहेत.

पहिली पायरी, दारांना नावे द्या. पूर्वी लिनक्स आपल्या कार्डांना सापडतील त्या क्रमाने एटीएच-शून्य, एटीएच-एक अशी नावे देत असे. वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला, की कधी कधी क्रम उलटा व्हायचा. मग माजघरावर ठेवलेला पहारेकरी गुपचूप पुढच्या दारावर जाऊन उभा राही आणि आलेख मात्र जुन्याच नावाने निघत राही. २०१३ च्या सुमारास कार्ड यंत्रात कुठल्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव देण्याची पद्धत आली, त्यामुळे हा घोळ बराच कमी झाला. तरी डोंगलसारखी काढघाल होणारी वस्तू असली की खात्री करून घ्यावी. प्रत्येक कार्डाला कारखान्यातून मिळालेला एक क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. ‘आयपी ॲडर’ ही आज्ञा दिली की सगळी दारे, त्यांचे मॅक पत्ते आणि त्यांना मिळालेले पत्ते पडद्यावर येतात. ते वहीत उतरवा. कार्डाच्या मागे रंगीत चिकटपट्टी लावा आणि तोच रंग वहीत लिहा. पुढच्या दाराला लाल, माजघराला हिरवी. हे पोरकट वाटेल, पण रात्री आठ वाजता फोनवरून दुसरीला ‘लाल तार काढ’ असे सांगता येते.

दुसरी पायरी, प्रत्येक दाराची गल्ली वेगळी ठेवा. फायबरच्या राउटरने पुढच्या दाराला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दिला असेल, तर माजघराला १९२.१६८.१० आणि ओसरीला १९२.१६८.२० अशा वेगळ्या मालिका द्याव्यात. दोन दारे एकाच मालिकेत ठेवली तर प्रश्न एका दाराने येतो आणि उत्तर दुसऱ्या दाराने जाते. मग कधी चालते, कधी चालत नाही, आणि दोष कुणाचा ते दिवसभर सापडत नाही.

तिसरी पायरी, बाहेर जाणारा रस्ता. पुढचे दार आणि परसदार दोन्ही इंटरनेटकडे जातात. संगणक त्यांतला एक मुख्य मानतो आणि बाहेरचे सगळे त्याच वाटेने पाठवतो. प्रत्येक वाटेला एक अंक असतो, ज्या वाटेचा अंक लहान तिला आधी मान. फायबरला लहान अंक द्यावा, डोंगलला मोठा.

इथे एक खाच आहे. एका केंद्रातले देखरेखीचे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहायचे. या हाकेला पिंग म्हणतात. उत्तर येत होते, पडद्यावर हिरवा दिवा होता. एक दिवस फायबर तुटली आणि डोंगल चालेचना. पाहिले तर डोंगलचे सिमकार्ड कित्येक आठवड्यांपासून रिचार्जवाचून बंद पडलेले होते. देखरेख चालू होती आणि तिने काही सांगितले नव्हते, कारण तिच्या सगळ्या हाका मुख्य रस्त्याने जात होत्या. परसदार तिने कधी उघडूनच पाहिले नव्हते. बसवणाऱ्याने यंत्र बसवले होते, दार सांगितले नव्हते. म्हणून प्रत्येक दारासाठी वेगळी हाक ठेवा. पिंगला ‘या दारानेच जा’ असे सांगता येते. हाकही घरापुढच्या राउटरला मारून थांबू नका. राउटरने उत्तर दिले म्हणजे दाराबाहेरची पायरी शाबूत आहे एवढेच कळते, पुढचा रस्ता चालू आहे हे कळत नाही. बाहेरचा एखादा भरवशाचा पत्ता निवडा.

त्या दिवशी एक बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायच्या कागदांसाठी केंद्रात बसून होती. कागद दुसऱ्या दिवशी गेले. हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवण्याची किंमत यंत्राला भरावी लागत नाही.

चौथी पायरी, मोजमाप. दोन प्रकारची साधने असतात. एक नुसती बेरीज ठेवतात. व्हीएनस्टॅट नावाचे एक विनामूल्य साधन आहे. प्रत्येक दाराने किती आत आले आणि किती बाहेर गेले, याचा आकडा कार्यप्रणाली स्वतःजवळ ठेवतच असते. व्हीएनस्टॅट तो उचलून तासाचा, दिवसाचा, महिन्याचा तक्ता करते. पाकीट उघडून पाहत नाही. आपला डेटा पॅक ज्या तारखेला नवा होतो, तीच तारीख त्यात महिन्याची सुरुवात म्हणून टाकता येते. ते प्रथम सुरू होते तेव्हा असलेली दारे स्वतः टिपून घेते. नंतर लावलेला डोंगल मात्र आपण सांगितल्याशिवाय मोजणीत येत नाही, हे विसरू नका.

दुसऱ्या प्रकारची साधने प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचतात. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेले टीसीपीडम्प, १९९८ मध्ये निघालेले इथिरियल, ज्याचे २००६ मध्ये वायरशार्क असे नाव झाले, आणि आलेख दाखवणारे एनटॉपएनजी ही त्यांतली नावाजलेली. कोणता संगणक कोणत्या ठिकाणाशी किती वेळ बोलला, हे ती सांगतात. त्यांना कोणते दार पाहायचे ते सांगावे लागते, आणि एकाहून अधिक दारेही सांगता येतात.

इथे बेरजेची चूक होते. दूध संकलन केंद्रात दूध मापून घेतात आणि टँकर भरतानाही मापतात. दोन्ही मापे बेरजेत धरली तर गावाचे दूध दुप्पट होईल. तसेच समुपदेशन खोलीतून गेलेले एकच पाकीट माजघराच्या दारावर एकदा दिसते आणि पुढच्या दारावर पुन्हा दिसते. माजघरावर ते त्या खोलीतल्या संगणकाच्या पत्त्याने दिसते, पुढच्या दारावर मात्र आपल्या या यंत्राच्या पत्त्याने, कारण बाहेर जाताना पत्ता बदललेला असतो. म्हणून कोणी किती वापरले ते आतल्या दारावर पाहावे, एकूण बिल बाहेरच्या दारावर पाहावे आणि दोघांची बेरीज करू नये.

आणखी एक गैरसमज. आपला संगणक नेटवर्कला जोडला म्हणजे त्याला सगळ्यांचे बोलणे ऐकू येते असे नाही. स्विच नावाचा डबा प्रत्येकाचे पाकीट त्याच्याच तारेवर पाठवतो. सगळ्यांचे जाणे-येणे ज्या यंत्रातून होते त्याच यंत्रावर देखरेख बसवली, तरच ते दिसते. आपला संगणक तसा मधोमध बसलेला आहे, म्हणून त्याला दिसते. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी आहे.

या मोजणीतून काय हाती लागते? एका केंद्रात रात्री दोन ते चार या वेळात पुढच्या दाराने बरेच काही बाहेर जात होते. केंद्राला तर कुलूप होते. आतल्या दाराचा तक्ता पाहिला, तर ते सीसीटीव्हीच्या डब्याकडून जात होते. कॅमेरा लावणाऱ्याने चित्रण परस्पर बाहेर साठवण्याची सोय चालू ठेवली होती. केंद्राच्या दारात कोण बाई कधी आली, तिच्याबरोबर कोण होते, हे सगळे रोज रात्री कुणाच्या तरी यंत्राकडे जात होते. केंद्रातल्या कार्यकर्तीनेच तो तक्ता काढला, वहीशी पडताळला आणि ती सोय बंद करायला लावली. बारावीपर्यंत शिकलेली मुलगी आहे. तिने आकडे वाचले, एवढेच. आकडे वाचणे आपल्याला नवे नाही, बचत गटाची वही आपणच लिहितो.

पाचवी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पहारेकरी पाहिलेले कुणाला सांगतो? एनटॉपएनजीसारखे सॉफ्टवेअर आपला अहवाल एका पानावर दाखवते. ते पान साधारणपणे ३००० या क्रमांकाच्या खिडकीवर उघडते, आणि वेगळे सांगितले नाही तर सगळ्याच दारांवर उघडते. संगणकाच्या भाषेत ०.०.०.० असे लिहिले असले की त्याचा अर्थ ‘सर्व दारे’. म्हणजे ओसरीवर बसलेला कुणीही फोनवरून ते पान मागू शकतो. सुरुवातीचे नाव आणि परवलीचा शब्द दोन्ही ‘ॲडमिन’ असतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ते पहिल्याच मिनिटाला बदला. मग ते पान १२७.०.०.१ या पत्त्यावर बांधा, म्हणजे त्या यंत्रासमोर बसलेल्या बाईलाच ते दिसेल.

माजघरातल्या दुसऱ्या संगणकावरून पाहायचे असेल, तर पुष्कळ जण ते माजघराच्या पत्त्यावर, समजा १९२.१६८.१०.१ वर, बांधतात आणि काम झाले असे समजतात. ते पुरेसे नाही. लिनक्सच्या दृष्टीने पत्ता हा संपूर्ण यंत्राचा असतो, एका दाराचा नसतो. ओसरीवरच्या फोनने माजघराचा पत्ता मागितला तरी यंत्र त्याला उत्तर देऊ शकते. पत्ता बांधला म्हणजे दार बंद झाले असे होत नाही. त्यासाठी फायरवॉलमध्ये दाराच्या नावाने नियम लिहावा लागतो, की पुढच्या दाराने, परसदाराने आणि ओसरीवरून ३००० क्रमांकावर येणारे काहीही आत घेऊ नये. आणि मग स्वतः ओसरीवर जाऊन, फोन वाय-फायला जोडून, ते पान उघडते का पाहावे. उघडले नाही तर नियम लागला. ‘लावलंय ताई’ या उत्तरावर थांबू नये.

आता मी तांत्रिक भाग सोडते आणि ज्यावर आपल्यात वाद झाला त्याकडे येते. वाद ओसरीचा होता. आपल्याच काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की मुली प्रशिक्षणाला येतात, आपले वाय-फाय वापरतात, त्या काय पाहतात ते आपल्याला कळायला हवे. पालक आपल्या भरवशावर त्यांना पाठवतात. उद्या काही झाले तर केंद्र बंद पडेल. मुलींना आधीच मुश्किलीने घराबाहेर सोडतात, ती वाटही बंद होईल. ही भीती खोटी नाही. ज्यांनी ती मांडली त्यांनी वीस-पंचवीस वर्षे बायांसाठी रस्त्यावर उभे राहून काम केले आहे. त्यांना मागासलेल्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे, मी ते करणार नाही.

पण ओसरीच्या दारावर पाकिटे वाचणारा पहारेकरी बसवला तर त्याच्या वहीत काय उतरते ते पाहा. आजकाल बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कुलूपबंद असतो, तो दिसत नाही. पण स्थळाचे नाव बहुधा दिसते, वेळ दिसते आणि फोनची खूण दिसते. एखादी बाई आपल्या अंगणात बसून घटस्फोटाचा कायदा शोधते. एखादी गर्भपाताची माहिती पाहते. एखादी १८१ या क्रमांकावर काय मदत मिळते ते वाचते. हे सगळे ती घरी करू शकत नाही, म्हणून इथे करते. तिची ती दहा मिनिटे वहीत उतरली की ती वही कुणीतरी मागणारच. तिचा दीर मागेल, मुलीचे वडील मागतील, गावातले वजनदार माणूस मागेल, किंवा संस्थेच्याच कारभाऱ्यांपैकी कुणाचा भाचा ‘जरा बघू’ म्हणेल. नोंद असेल तर नाही म्हणायला धैर्य लागते. नोंदच नसेल तर ‘आमच्याकडे नाही’ एवढे खरे उत्तर पुरते.

कायदाही आपल्या बाजूने काही सांगतो. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम १६ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड घेता येते. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यातले कलमही योगायोगाने १६ वेच आहे, ते तक्रारदार बाईची ओळख उघड करण्यास मनाई करते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली, राज्याचा कायदा २००२ मध्ये आणि देशाचा २००५ मध्ये झाला. सत्तेत बसलेल्यांची माहिती लोकांना मिळावी म्हणून ती चळवळ होती. सत्ता नसलेल्या बाईची माहिती कुणालाही मिळावी, असा तिचा अर्थ कधीच नव्हता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी नोंदी ठेवणे बंधनकारक असते. पैसे घेऊन लोकांना इंटरनेट देण्याचा व्यवसाय केला तर २०११ चे सायबर कॅफेचे नियम लागतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना यंत्रांच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले आहे. आपल्या संस्थेच्या नोंदणीनुसार यातले काय लागू पडते, ते वकील मैत्रिणीकडून लेखी घ्यावे. जेवढे बंधनकारक तेवढे ठेवावे, कुलपात ठेवावे, मुदत संपली की पुसावे. ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून ठेवलेली नोंद एक दिवस लागतेच, फक्त ती कुणाला लागेल ते आपल्या हातात राहत नाही.

शेवटी त्या बैठकीत जे ठरले ते असे. ओसरीवर फक्त बेरजेचे साधन. किती डेटा गेला ते कळेल, कुणाचा ते नाही. पाकिटे वाचणारे साधन माजघराच्या दारावर आणि तेही काही बिघाड किंवा संशय आला तरच. ते सुरू केले की वहीत तारीख, कारण आणि दोघींच्या सह्या, बंद केले की पुन्हा सह्या. परवलीचा शब्द दोन कार्यकर्त्यांकडे, बाहेरच्या तंत्रज्ञाकडे नाही. त्याला बोलवायचे तेव्हा आपल्यापैकी एकीने शेजारी बसायचे आणि तो गेल्यावर शब्द बदलायचा. आणि ओसरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी, की या वाय-फायवर आम्ही काय मोजतो आणि काय पाहत नाही. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न पहाऱ्याने सोडवायचा नाही असेही ठरले. त्यासाठी महिन्यातून एकदा मुलींबरोबर बसून फोनवरची फसवणूक, धमक्या, फोटोंचा गैरवापर यावर उघड बोलायचे. ज्येष्ठ कार्यकर्त्यांपैकी दोघींना हे अजून पूर्ण पटलेले नाही. त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा आढावा घ्यायला सांगितला आहे. तसा तो घेऊ.

कुणी म्हणेल, एवढ्या लहान केंद्राला एवढा खटाटोप कशाला? मोठ्या कंपनीत हे काम करायला पगारी माणसे असतात आणि चूक झाली तर नुकसान बहुधा पैशांचे होते. आपल्याकडे चूक झाली तर एखादी बाई त्या रात्री घरी जाऊ शकत नाही. म्हणून लहान केंद्रालाच हे जास्त नीट करावे लागते.

तेव्हा इथून गेल्यावर प्रत्येकीने आपल्या केंद्रात चार गोष्टी कराव्यात. संगणकामागे जाऊन दारे मोजा आणि त्यांना रंग द्या. प्रत्येक दारावर आज कोण पहारा देते, ते लिहा, आणि कुणीच देत नसेल तर तेही लिहा. फोन वाय-फायला जोडून अहवालाचे पान बाहेरून उघडते का ते स्वतः पाहा. आणि परवलीचा शब्द कुणाकुणाला ठाऊक आहे त्यांची नावे काढा. ती यादी पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. वह्या घेऊन पुढच्या बैठकीला या. दुपारच्या सत्रात आपण इथल्याच यंत्रावर फायरवॉलचा नियम एकेकीने लिहून पाहणार आहोत. चष्मे बरोबर ठेवा, अक्षरे बारीक असतात.